आठवीचा पट

आधी क्षमा मागते. एखाद्या व्यक्तीचं चित्र शब्दांत उभं करणं हे ज्यांना साधतं त्यांची पुस्तकं मी आयुष्यभर वाचत आले, आणि त्या वाचनाचा परिणाम एवढाच झाला की आपण या वाटेला जाऊ नये हे मला फार लवकर कळलं. मराठी घेऊन एम. ए. केलं ते बाहेरून, लग्नानंतर, आणि नोकरी धरली ती शाळेच्या कार्यालयात लिपिकाची. सव्वीस वर्षं मी दाखले लिहिले, बोनाफाईड लिहिली, गैरहजेरीची पत्रं लिहिली. माझ्या हातच्या प्रत्येक मजकुराखाली शाळेचा गोल शिक्का असे आणि त्या शिक्क्याच्या आड मी सुखात होते. छप्पन्नाव्या वर्षी, शिक्का नसलेलं असं काही मी पहिल्यांदाच लिहिते आहे. त्यात चुकेल ते माझं. जे बरं उतरेल ते चुरीबाईंचं.

आमची शाळा आशागड ओलांडून तलासरीच्या बाजूला निघालं की एका चढावर आहे. विनाअनुदानित हायस्कूल, आठवी, नववी, दहावी, एवढेच तीन वर्ग. आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून सातवी झालेली मुलं आमच्याकडे येतात. निम्मी पूर्वेच्या डोंगराकडच्या गावांतली, भात आणि नागली पिकवणाऱ्या घरांतली. उरलेली किनाऱ्याकडची, चिकूच्या वाड्या असलेल्या घरांतली. आठवीत ही दोन्हीकडची मुलं एकमेकांकडे पाहुण्यांसारखी बघतात. दहावीपर्यंत त्यांचं काय होतं, हे पुष्कळसं शाळेवर अवलंबून असतं. आमच्याकडे ते चुरीबाईंवर अवलंबून होतं.

कुंदा चुरी किनाऱ्याकडच्या चिखले गावच्या. गणित शिकवायच्या. उंचीने बेताच्या, चालण्यात घाई नाही पण उशीरही कधी नाही. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायची त्यांची सवय होती, त्यामुळे वेळ बघायला त्या तळहात वर करत, आणि नव्या माणसाला वाटे की बाई आपल्याकडे काहीतरी मागताहेत. एका अर्थी मागतच असत. "पायरी कुठाय?" हा त्यांचा दिवसभराचा प्रश्न होता. मुलाचं उत्तर बरोबर आलं असलं तरी मधली पायरी गाळलेली त्यांना चालत नसे. हा प्रश्न त्या मुलांपुरता ठेवत नसत. मुख्याध्यापकांनी एखादा निर्णय जाहीर केला की मागच्या खुर्चीवरून शांतपणे आवाज यायचा, "सर, मधली पायरी?"

मला त्या अगं-तुगं करत. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. कार्यालयाच्या खिडकीशी येऊन म्हणत, "सुलभा, तू कागदाशी जेवढं बोलतेस त्याच्या पाव हिश्श्याने माणसांशी बोललीस ना, तर तुझा घसा तरी उघडेल." मी हसून खाली बघत असे.

गणिताच्या बाईंकडे स्नेहसंमेलन कसं आलं हे कुणाला नीट आठवत नाही. गाणं त्यांना येत नव्हतं, नाचाशी संबंध नव्हता. पण आमच्याकडे वार्षिक स्नेहसंमेलन आणि दहावीचा निरोप समारंभ एकाच दिवशी, एकाच मांडवात होतो, आणि त्या दिवसाची आखणी बाईंकडे असे. जानेवारी लागला की शिक्षकांच्या खोलीतल्या भिंतीवर एक मोठा आलेख कागद लागायचा. आडव्या ओळीत कार्यक्रम, उभ्या ओळीत शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव. जो मुलगा ज्या कार्यक्रमात, त्या चौकोनात एक बारीक टिंब. ज्या नावापुढे एकही टिंब नाही, त्या नावाभोवती बाई तांबडी पेन्सिल फिरवत आणि म्हणत, "हे अजून सुटलेलं नाही."

एका वर्षी असं एकच नाव उरलं होतं. मनीषा, नववीतली, डोंगराकडच्या पाड्यावरची. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. नाच म्हटलं की मान हलवायची, गाणं म्हटलं की मान हलवायची. संगीताच्या सरांनी सुचवलं, "बाई, पडदा ओढायला देऊ तिला."

"पडदा ओढणारा दिसतो का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग ते टिंब धरता येणार नाही."

शेवटी बाईंनी प्रत्येक कार्यक्रमाचा क्रमांक लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या. दोन कार्यक्रमांच्या मध्ये मनीषाने पाटी धरून मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, एवढंच काम. पहिली पाटी घेऊन ती जवळजवळ धावलीच. पाचवीला चालली. नवव्या पाटीला मांडवातल्या बायांनी टाळ्या सुरू केल्या, आणि तेराव्या पाटीला ती मधोमध थांबली, पाटी डोक्यावर धरली आणि सावकाश, अगदी राणीसारखी, वळली. त्या वर्षी सगळ्यांत जास्त टाळ्या क्रमांक तेराला पडल्या. तेरावा कार्यक्रम काय होता ते कुणालाच सांगता आलं नसतं.

संमेलन भर दिवसा व्हायचं. सकाळी साडेदहाला सुरू, चारला संपलंच पाहिजे. कारण पावणेपाचला तलासरीची एसटी, आणि ती चुकली की डोंगराकडच्या मुलींना दीड-दोन तास चालत जावं लागे. ही वेळ बाईंनी ठरवली होती आणि तिच्यापुढे कुणाचंही चालत नसे. एकदा प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले ते थांबेचनात. आपल्या बालपणापासून निघाले होते आणि अजून कॉलेजात पोचले नव्हते. बाईंनी तळहात वर करून घड्याळ पाहिलं, वर्गातला फळा मंचाच्या कडेला आणून ठेवला, आणि खडूने मोठ्या आकड्यांत लिहिलं: २०. थोड्या वेळाने पुसून १५. मग १०. आधी मुलं हसू लागली, मग पालक. पाहुण्यांनी वळून पाहिलं.

"हे काय आहे, बाई?"

"साहेब, एसटी निघायला उरलेली मिनिटं. ड्रायव्हर आपल्याला ओळखत नाही, तो थांबायचा नाही."

पाहुण्यांनी हात जोडले आणि खाली बसले. आमचे विश्वस्त हसमुखभाई, बाजारपेठेत ज्यांचं जुनं दुकान आहे, खुर्चीतून पुढे वाकून म्हणाले, "बेन, तमे तो कलेक्टर करतां पण कडक," म्हणजे कलेक्टरपेक्षाही कडक. बाई म्हणाल्या, "हसमुखभाई, कलेक्टरला एसटीने जावं लागत नाही."

आणखी एक गोष्ट सांगते, जी आठवून मला आजही हसू येतं. संमेलनाच्या दिवशी मुलं डबे आणत. किनाऱ्याकडची मुलं एका झाडाखाली बसत, डोंगराकडची दुसऱ्या. कुणी कुणाला हाकलत नसे, तरी दोन गोल ठरलेले. बाईंनी दोन वर्षं ते पाहिलं आणि तिसऱ्या वर्षी फर्मान काढलं: डबा आणायचा नाही. प्रत्येकाने घरचा एक ओंजळ तांदूळ आणि अर्धी ओंजळ डाळ आणायची, सगळ्याची एकच खिचडी. पिंप भरून तांदूळ जमला. त्यात डोंगरातला जाड, तांबूस तांदूळ, वाडीवाल्यांच्या घरचा बारीक तांदूळ, काहींचा रेशनचा. सगळा एकत्र धुऊन जानकीमावशींनी, म्हणजे शाळेत स्वयंपाक बघणाऱ्या बाईंनी, चुलीवर चढवला.

तासाभराने मावशी ओरडत आल्या. "बाई, काय करून ठेवलंत! बारीकवाला चिखल झालाय आन जाडा अजून दाताखाली कचकच करतोय. आता यात पाणी घालू का नको, ते तरी सांगा!"

आमच्यापैकी एकालाही हे आधी सुचलं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या भात खाणाऱ्या माणसांना! ते खिचडी नावाचं प्रकरण पानात पडलं तेव्हा मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी सम क्रमांकाची मुलं एका पंगतीत आणि विषम दुसऱ्या पंगतीत बसवली होती, त्यामुळे कोण कुठलं हा प्रश्नच उरला नव्हता. त्या स्वतः मधोमध बसल्या, दोनदा मागून घेतलं आणि कचकच चावत म्हणाल्या, "यात चूक तांदळाची नाही, क्रमाची आहे. पुढच्या वर्षी उशिरा शिजणारा आधी टाकायचा." पुढच्या वर्षी तसंच केलं, तीन टप्प्यांत, मावशींच्या शेजारी घड्याळ घेऊन. उत्तम झाली खिचडी. अजून होते. आणि "उशिरा शिजणारा आधी टाकायचा" हे वाक्य मग बाई वर्गातही म्हणू लागल्या. जो मुलगा गणितात मागे, त्याला पहिल्या बाकावर बोलावताना.

पण ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट पटाची आहे.

बाई शाळेत आल्या त्यानंतरच्या पहिल्या निरोप समारंभात दहावीचा फोटो काढला. फोटोग्राफर गेल्यावर बाई कार्यालयात आल्या आणि मला म्हणाल्या, "या मुलांचा आठवीचा पट काढ." मी काढला. आठवीत बावन्न नावं होती. फोटोत अडतीस मुलं.

"बावन्नातून अडतीस गेले," त्या म्हणाल्या. "चौदा उरले. हे चौदा कुठे आहेत?"

"दाखले घेऊन गेले, बाई. काही दाखले न घेताही गेले."

"ते तू सांगितलंस कसे गेले. मी विचारलं, कुठे आहेत."

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून बाईंनी दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली माझ्या हातातली होती: आठवीत मुलाला जो हजेरी क्रमांक मिळेल तो दहावीपर्यंत त्याचाच. कुणी शाळा सोडली तर तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही, खालची नावं वर सरकवायची नाहीत. त्यामुळे आमच्या वर्गांत रोजची हजेरी 'सहा, सात, नऊ, दहा' अशी होते. तपासणीला आलेले साहेब दरवर्षी विचारतात, आठ कुठे गेला? वर्गशिक्षक सांगतात, आठ आहे, शाळेत येत नाही.

दुसरी गोष्ट निरोपाच्या दिवशीची. खिचडीनंतर, शेवटचा कार्यक्रम म्हणून, बाई मंचावर उभ्या राहून दहावीच्या मुलांचा आठवीचा पट वाचत. संपूर्ण. समोर बसलेली मुलं "हजर" म्हणत. जे मूल सोडून गेलं असेल त्याच्या नावाला वर्गातल्या कुणीतरी उभं राहून उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर "आहे" असंच सुरू व्हायचं. "आहे, बाई. उंबरगावला कंपनीत जातो." "आहे, बाई. आईसंगती वाडीत चिकू काढाया जाते." "आहे, बाई. बोटीवर हाय, होळीला येल." नाही, माहीत नाही, ही उत्तरं चालत नसत. म्हणून महिनाभर आधी वर्ग कामाला लागे. कोण कुणाच्या पाड्यावर जाई, कोण मामाला फोन लावी. शोधता शोधता कधीकधी ते मूलच परत सापडे. बाई मग सतरा नंबरचा फॉर्म घेऊन त्याच्या घरी जात, म्हणजे शाळेत न येता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. सगळीच बसत नसत. पण कोण कुठे आहे, हे तरी गावाला ठाऊक असे.

मग ते वर्ष आलं. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक राऊत सर मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगते. शाळेला प्रयोगशाळा हवी होती आणि एका मोठ्या कंपनीचे अधिकारी संमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते. जानेवारीच्या पहिल्याच सभेत सर म्हणाले, "बाई, या वर्षी ते पट वाचणं नको."

"का?"

"पाहुण्यांना आपण किती मुलं टिकवली ते दाखवायचं. किती गळली त्याची जाहीर यादी कशाला? पहिल्याच भेटीत शाळेची अब्रू जायची."

"सर, जी टिकली ती दिसतच आहेत. जी दिसत नाहीत त्यांच्यासाठीच तर वाचायचं."

"मी मुख्याध्यापक म्हणून सांगतोय, बाई. नावं वाचायची नाहीत. मुलांकडूनही या वर्षी ती शोधाशोध नको, परीक्षेचं वर्ष आहे. मला शब्द द्या."

मी सभेचं इतिवृत्त लिहीत राहिले. बाईंनी तळहात वर करून घड्याळ पाहिलं, जणू उत्तराची वेळ त्यात लिहिलेली होती, आणि म्हणाल्या, "नावं वाचणार नाही. शब्द दिला."

तरीही सरांना भरवसा नसावा. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं की आठवीचा तो जुना पट कपाटात ठेवून कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. मी ठेवला. कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी बाई खिडकीशी आल्या.

"पट कुठाय?"

"कपाटात, बाई. सरांनी..."

"किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे."

मी शिक्क्याचा डबा उघडला, पुन्हा मिटला. "मग राहू दे तुझ्याकडेच," असं म्हणून त्या गेल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संमेलनाचा दिवस ठरल्याप्रमाणे गेला. माडाच्या झापांचा मांडव, समोर हजारभर माणसं, पुढच्या रांगेत पाहुणे, हसमुखभाई, राऊत सर. खिचडी झाली. पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांना फळ्याची गोष्ट आधीच कुणीतरी सांगितली असावी, ते सात मिनिटांत बसले. तीन वाजून दहा मिनिटांनी चुरीबाई मंचावर आल्या. हातात कागद नव्हता. सरांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला कार्यालयाच्या दारातून दिसला.

"मी आज नावं वाचणार नाही," बाई म्हणाल्या. "तसा शब्द दिला आहे. मी गणिताची शिक्षिका, मी फक्त मोजणार आहे." आणि दहावीच्या मुलांकडे बघून त्यांनी सुरुवात केली. "एक."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पहिल्या रांगेतला मुलगा उभा राहिला आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगून म्हणाला, "हजर, बाई."

"दोन."

"हजर, बाई."

"तीन." तीन शाळेत नव्हता. पण तीन कोण, हे त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ होतं, कारण तीन वर्षं रोज सकाळी ती रिकामी जागा त्यांच्या हजेरीत होती. मागून एक मुलगी उठली, तिने त्या मुलाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "आहे, बाई. बापाबरोबर भिवंडीकडं हाय, वीटभट्टीला."

राऊत सर खुर्चीत ताठ झाले. हसमुखभाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बाई मोजत गेल्या. आठ, चौदा, एकोणीस, सत्तावीस. शोधाशोधीला बंदी होती तरी मुलांना जेवढं ठाऊक होतं तेवढं ती सांगत होती.

"एक्केचाळीस."

कुणी उठलं नाही.

"एक्केचाळीस," बाईंनी पुन्हा म्हटलं. दहावीची मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी कुजबुजलं, "संगीता वांगड... ती नववीतच गेली ना... कुठं गेली?" बाई पुढच्या आकड्याकडे गेल्या नाहीत. पायरी गाळणं त्यांना जमणारच नव्हतं. मनगटावरचं घड्याळही त्यांनी पाहिलं नाही. चार वाजत आले होते आणि त्या नुसत्या उभ्या होत्या.

मला माहीत होतं. संगीताचा दाखला मीच लिहिला होता. वडील गेल्यावर ती आत्याबरोबर येऊन घेऊन गेली होती. तलासरीला एसटी स्टँडच्या बाहेर आत्याच्या भाजीच्या पाटीमागे ती बसते हेही मला माहीत होतं, कारण दर आठवड्याला मी तिच्याकडून मेथी घेत असे. ती मला ओळखत नसल्यासारखं करी. मीही तसंच करी. वर्षभर आम्ही दोघींनी ते फार व्यवस्थित निभावलं होतं.

हजार माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते; दहांसमोरही नाही. कार्यालयाच्या दारातून माझा जो आवाज निघाला तो मलाच अनोळखी वाटला. "आहे, बाई. संगीता वांगड. तलासरीला स्टँडबाहेर भाजी विकते. मी तिला दर आठवड्याला बघते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चुरीबाईंनी फक्त मान हलवली आणि म्हणाल्या, "बेचाळीस."

एसटी त्या दिवशी मिळाली. राऊत सर आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत आणि माझ्याशी महिनाभर. त्या कंपनीकडून पुढे काही कळलं नाही. प्रयोगशाळा दोन वर्षांनी दुसरीकडून झाली. निवृत्तीच्या दिवशी सर स्वतःहून बाईंना म्हणाले, "त्या दिवशी मी एक पायरी गाळत होतो." बाई म्हणाल्या, "हो, सर." मोठेपणाने 'जाऊ द्या' वगैरे म्हणणं त्यांना सुचलं नाही.

संमेलनाच्या दुसऱ्याच दिवशी बाई मला घेऊन तलासरीला गेल्या. संगीता मेथीच्या जुड्या बांधत होती. आम्हांला दोघींना एकत्र बघून तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"सतरा नंबरचा फॉर्म आणलाय," बाई म्हणाल्या.

"बाई, मला शाळंत नाय येता यायचं. आत्याचे गुडघे गेलेत. पाटी कोण बघल?"

"शाळेत ये असं मी म्हटलंच नाही. दुपारी गिऱ्हाईक असतं का?"

"दोन ते चार नसतं."

"मग दोन ते चार मी इथे येईन."

आत्या मागून म्हणाली, "बाई, इथं धूळ किती उडते, हायवेच्या गाड्या किती! इथं का शिकवनार तुम्ही?" बाई तोवर रिकामा क्रेट उलटा करून त्याच्यावर बसल्याही होत्या. वर्षभर त्या शनिवार-रविवार तिथे बसल्या. संगीता दहावीला बसली आणि नापास झाली. कशात, तर गणितात! बाई निकालाचा कागद हातात घेऊन इतक्या हसल्या की संगीतालाही हसू फुटलं. दुसऱ्या खेपेला पास झाली. आज ती त्याच स्टँडसमोर स्वतःच्या गाळ्यात बसते, आणि माझ्याकडे बघून ओळख देते. मेथी जरा जास्तच देते.

बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. शाळेत नवे मुख्याध्यापक आहेत, उत्साही आहेत. त्यांच्या मनात या वर्षी संमेलन मोठ्या मंचावर करायचं आहे, नाच बसवायला बाहेरून माणसं बोलावायची आहेत. पटाचा विषय निघाला तेव्हा ते हसून म्हणाले, "ती जुन्या बाईंची पद्धत होती ना? आता बाई नाहीत. राहू द्या."

गेल्या पंधरवड्यात मी तलासरीला गेले होते. हायवेच्या थांब्यावर चुरीबाई दिसल्या. तीच घाई नसलेली उभी राहण्याची पद्धत, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून गुंडाळलेला आलेख कागद डोकावत होता. निवृत्त माणसाला आलेख कागद कशाला, हे मी विचारलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. पट वाचायचा नाही म्हणतात, मुलांनी शोध घेतलेला नाही, मोठा मंच, बाहेरची माणसं. बरंच बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पट कुठाय?"

"कपाटात."

"किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे, बाई."

"मग?"

एवढ्यात वापीकडून येणारी बस आली. बाई चढल्या. खिडकीची जागा मिळाली त्यांना. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, मला वाटलं निरोपाचा असेल. पण त्यांनी तळहात वर केला होता, आणि मनगटाच्या आतलं घड्याळ मला दाखवत होत्या.

शाळेत आल्यावर मी कपाट उघडलं. यंदाच्या दहावीचा आठवीचा पट काढला. सत्तेचाळीस नावं आहेत, समोर बसणार आहेत एकोणचाळीस. दहावीच्या चार मुलींना बोलावून मी कामाला लावलं, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सांगितलं की शेवटची दहा मिनिटं मला हवी आहेत. ते चकित झाले; सव्वीस वर्षांत मी काही मागितलेलं कुणी ऐकलं नव्हतं. "बोलणार कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी." ते विचार करतो म्हणाले आहेत. माझा मात्र विचार करून झालेला आहे.

आठांपैकी सात मुलं सापडली आहेत. क्रमांक अकरा अजून सापडलेला नाही. शनिवारच्या संमेलनाला चार दिवस आहेत आणि उद्या सकाळी आम्ही डोंगराकडच्या गाडीने निघणार आहोत.

आता एवढंच विचारते. तुमच्या आठवीच्या वर्गात असलेलं आणि दहावीच्या फोटोत नसलेलं ते मूल आज कुठे आहे?